तालमीतला प्रेक्षक

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधलं लीला बेणारेचं शेवटचं स्वगत नाट्यशिबिरांत आणि निवडचाचण्यांत आजही हमखास ऐकू येतं. तेंडुलकरांनी नाटक रचलं तेव्हा मात्र ते त्यात नव्हतं. ‘रंगायन’ ही संस्था १९६७ साली राज्य नाट्यस्पर्धेसाठी हे नाटक बसवत होती. दिग्दर्शक होते अरविंद देशपांडे आणि बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. जिच्यावर नाटकभर आरोपांचा मारा होतो, तिला एकदा बोलू द्यायला हवं, असा आग्रह अरविंद देशपांड्यांनी धरला. तेंडुलकर राजी नव्हते. पण दिग्दर्शक मित्र हटून बसला, आणि प्रयोग तोंडावर आलेला असताना तेंडुलकरांनी ते स्वगत लिहून दिलं.

या ओढाताणीतून काय निघालं ते संहिता उघडली की दिसतं. नाटकातल्या लुटुपुटूच्या खटल्यात न्यायाधीश झालेले काशीकर आरोपी बेणारेला बोलायला दहा सेकंद देतात. बाकीची पात्रं जागच्या जागी थिजतात, बेणारे मन मोकळं करते, आणि ती थांबते तेव्हा कोर्टाच्या लेखी ती एक शब्दही बोललेली नसते. अशा माणसांसमोर अशी बाई तोंड उघडणार नाही, हेही खरं राहिलं आणि तिचं म्हणणं प्रेक्षकांपर्यंत पोचलं, हेही साधलं. उणीव मित्राने दाखवली. तोडगा लेखकाने आपल्या पद्धतीने काढला.

मित्राच्या कलाकृतीवर अभिप्राय कसा द्यावा, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. त्यात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. अभिप्राय वेळेत आला, म्हणजे बदल करता येत होता तेव्हा आला. तो नेमका होता. आणि लेखणी लेखकाच्याच हातात राहिली. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात गेल्या शंभर वर्षांत हौशी नाटकवाले, कवी, शाहीर, चित्रकार हजारोंनी झाले. त्यांच्या धडपडीकडे पाहिलं तर याच तीन गोष्टी पुन्हा पुन्हा समोर येतात.

हौशी माणसाचं पोट दुसऱ्या कामावर चालतं. तो बँकेत, बेस्टमध्ये, पालिकेत, शाळेत नोकरी करतो आणि रात्री लिहितो किंवा तालमीला जातो. त्याच्याकडे संपादक नसतो, पगारी दिग्दर्शक नसतो. वही दाखवायला एखादा मित्र असतो, एवढंच. व्यावसायिक कलावंताला जे पाच-सहा जाणकार मिळून सांगतात, ते सगळं या एका मित्राने सांगायचं असतं. म्हणून ही जबाबदारी मोठी आहे. आणि ती पार पाडण्याची एक रीत आहे, जी शिकता येते.

राजशेखराचे चार रसिक

ही चर्चा आपल्याकडे फार जुनी आहे. कनौजच्या प्रतिहार दरबारात असलेला, पण ज्याचं घराणं महाराष्ट्राशी जोडलेलं होतं, त्या राजशेखराने सुमारे हजार-अकराशे वर्षांपूर्वी ‘काव्यमीमांसा’ लिहिली. काव्य निर्माण करणारी प्रतिभा वेगळी आणि काव्याचा आस्वाद घेणारी प्रतिभा वेगळी, असं तो मानतो. आस्वाद घेणाऱ्याला तो ‘भावक’ म्हणतो. हा भावक कवीचा स्वामी, मित्र, मंत्री, शिष्य आणि आचार्य असं सगळं काही असतो, असंही तो सांगतो.

भावकांचे त्याने चार प्रकार केले. अरोचकी म्हणजे ज्याला काहीच रुचत नाही. सतृणाभ्यवहारी म्हणजे जो गवतासकट सगळं गिळतो, ज्याला सगळंच छान वाटतं. मत्सरी म्हणजे ज्याला गुण दिसतात, पण जो ते कबूल करत नाही. आणि तत्त्वाभिनिवेशी म्हणजे जो कलाकृतीच्या गाभ्याशी भिडतो. हा चौथा हजारांत एखादाच, असं राजशेखराला वाटत होतं.

हौशी कलावंताच्या भोवती दुसऱ्या प्रकारचे मित्र सर्वाधिक असतात. ‘मस्त जमलंय’, ‘एक नंबर’ हे शब्द प्रेमाने येतात आणि त्यांनी धीरही मिळतो. पण त्यातून पुढे काय करायचं ते कळत नाही. पहिल्या प्रकारचा मित्र ‘यात नवीन काय?’ असं विचारून मोकळा होतो. त्यातूनही काही कळत नाही. दोघांच्या बोलण्यात एक साम्य आहे: कलाकृती न वाचताही ते हेच बोलू शकले असते.

मनापासून केलेलं कौतुक मात्र वेगळं. बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात वारल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या आणि गाणी मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या एकाने उतरवून ठेवली होती. सोपानदेव स्वतः कवी, पण आईच्या या रचना लोकांसमोर ठेवायला ते संकोचत होते. त्यांनी त्या आचार्य अत्र्यांना दाखवल्या. अत्र्यांनी क्षणात किंमत ओळखली, त्या छापल्याच पाहिजेत म्हणून हट्ट धरला, आणि १९५२ साली त्यांच्याच प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. जाणकार मित्राच्या कामाचा हाही एक भाग आहे. जिथे सोनं आहे तिथे ते सोनं आहे असं ठासून सांगावं आणि ते लोकांपर्यंत जावं म्हणून धडपडावं.

गिरणगावची शिस्त

ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली. याच संस्थेने १९२२ साली परळला उभारलेलं दामोदर नाट्यगृह कामगार रंगभूमीचं घर झालं. गिरणीतली पाळी संपवून आलेली कोकणातली, घाटावरची माणसं तिथे नाटकं करत. कोकणातल्या गावकरी मंडळांची नमनं आणि शक्ती-तुऱ्याचे सामने तिथे रंगत. पुनर्बांधणीसाठी २०२३मध्ये हे नाट्यगृह बंद झालं, तेव्हा रंगकर्मी अस्वस्थ झाले ते यामुळेच.

शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात एक शाहीर सवाल टाकतो आणि दुसऱ्याला तिथल्या तिथे जबाब द्यावा लागतो. रचना कच्ची असेल तर ती प्रतिस्पर्धीच उघडी पाडतो. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. त्यांच्यापुढे कामगार श्रोता होता, आणि गाणं लागू पडलं की नाही ते त्याच्या चेहऱ्यावर, टाळीत किंवा चुळबुळीत लगेच कळत होतं. राबणाऱ्या माणसांनी दिलेला हा अभिप्राय शब्दांत नसे, पण तो चुकत नसे.

तालमीतला प्रेक्षक याच शिस्तीत घडतो. मंडळाच्या खोलीत किंवा रात्री मोकळ्या झालेल्या शाळेच्या वर्गात रन-थ्रू चालू असतो आणि एक मित्र मागच्या बाकावर वही घेऊन बसतो. तो लिहितो: ‘पत्र लपवताना आई पाठमोरी. पत्र दिसलंच नाही.’ ‘मामाची एन्ट्री झाली, पण वाक्य खाल्लं.’ ‘दुसऱ्या प्रवेशात हसू येतंय. हवंय का?’ या नोंदींमध्ये कुठेही ‘चांगलं’ किंवा ‘वाईट’ नाही. मागच्या बाकावर काय पोचलं आणि काय पोचलं नाही, एवढंच आहे. दिग्दर्शकाला ही माहिती दुसरीकडून मिळणं शक्यच नसतं, कारण त्याला संहिता पाठ असते. पत्र कुठे आहे ते त्याला ठाऊक असतं, त्यामुळे ते न दिसताही त्याला दिसतं.

आपल्या कामाकडे पाहताना डोक्यातलं आणि कागदावरचं एकमेकांत मिसळून जातं, आणि कितीही हुशार माणूस असला तरी हे टळत नाही. मित्राची खरी उपयुक्तता इथे आहे. त्याच्याजवळ कागदावरचं तेवढंच असतं.

राज्य नाट्यस्पर्धा १९५४पासून चालू आहे आणि कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धाही अनेक दशकं होत आहेत. या स्पर्धांच्या परीक्षकांना प्रयोग झाल्यावर गुण द्यायचे असतात; त्यांना निवाडा करावा लागतो. मित्राला निवाडा करायचा नसतो. त्याच्या हातात प्रयोगाच्या आधीचे आठ दिवस असतात, आणि त्या आठ दिवसांत एक प्रवेश सुधारला तर त्याचं काम झालं.

खटाववाडीतली पत्रं आणि त्यांच्यावरचा राग

गिरगावातल्या खटाववाडीत ‘मौज’ होतं आणि तिथूनच ‘सत्यकथा’ निघे. १९३३ ते १९८२ या काळात या मासिकाने मराठी कथा-कवितेचा चेहरा बदलला. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांची नवख्या लेखकांना जाणारी पत्रं प्रसिद्ध आहेत. कथा परत आली तरी कुठे सैल पडली, कोणतं पात्र अर्धवट राहिलं, शेवट का पटत नाही, हे लेखकाला कळे. तो पुन्हा लिहून पाठवी, पुन्हा सूचना येत. खेड्यातल्या एखाद्या शिक्षकाला गिरगावातला एक अनोळखी माणूस आपली कथा इतकी बारकाईने वाचतो, हेच मोठं बळ होतं. कित्येकांना लेखक म्हणून घडवलं ते या पत्रव्यवहाराने.

पण इथेच अभिप्रायाची दुसरी बाजूही दिसते. वाचणाऱ्याची अभिरुची ठरून गेली की तिच्या चौकटीत न बसणारं सगळं त्याला कच्चं वाटू लागतं. १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या साथीदारांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची जाहीर होळी केली, ती या एका अभिरुचीच्या सत्तेविरुद्ध. त्याआधीच लघुअनियतकालिकांनी वेगळी वाट धरली होती. १९५०च्या दशकाच्या मध्यावर दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि त्यांच्या मित्रांनी ‘शब्द’ काढलं, चक्रमुद्रित करून. पुढे १९७६ साली आदिल जस्सावाला, कोलटकर, गीव्ह पटेल आणि अरविंद कृष्ण मेहरोत्रा या चार कवींनी एकमेकांची पुस्तकं काढण्यासाठी ‘क्लिअरिंग हाउस’ सुरू केलं. कोलटकरांचं ‘जेजुरी’ त्यातूनच आलं. त्यांच्या मराठी कविता १९७७ साली अशोक शहाण्यांच्या ‘प्रास’ने छापल्या. या वर्तुळात मित्रच पहिला वाचक होता आणि मित्रच प्रकाशक.

खटाववाडी आणि लघुअनियतकालिकं यांच्यात कोण बरोबर, हा प्रश्न मला इथे महत्त्वाचा वाटत नाही. दोन्हीकडून शिकण्यासारखं आहे. पहिल्यांनी बारकाईने वाचण्याचा वस्तुपाठ दिला. दुसऱ्यांनी बजावलं की तुझ्या आवडीचं माप दुसऱ्याच्या कवितेला लावू नकोस, ती काय करू पाहते आहे ते आधी समजून घे.

गोलपिठ्यातली फेरी

हे समजून घेणं म्हणजे काय, ते १९७२ साली तेंडुलकरांनी दाखवून दिलं. गिरगावापासून जवळच असलेल्या कामाठीपुरा-गोलपिठा भागात वाढलेला, टॅक्सी चालवणारा नामदेव ढसाळ हा तरुण आपला पहिला कवितासंग्रह घेऊन आला होता. तेंडुलकर तेव्हा नामवंत नाटककार होते. प्रस्तावना लिहायची म्हणून कविता वाचल्या, तर कितीतरी शब्द त्यांना कळेनात. ते त्या वस्तीतले शब्द होते; कुठल्याही शब्दकोशात मिळाले नसते.

‘ही भाषा वाचकाला कळणार नाही’ असं म्हणायची ही वेळ होती, आणि बहुतेकांनी तसंच म्हटलं असतं. तेंडुलकरांनी शब्दांचे अर्थ कवीलाच विचारले. मग ढसाळ त्यांना रात्री त्या वस्तीतून फिरवून घेऊन आले. आपल्याला काय कळलं नाही हे तेंडुलकरांनी प्रस्तावनेत लपवलं नाही. तिथूनच त्यांनी वाचकाला आत नेलं. मध्यमवर्गीय गिरगावातून आलेल्या वाचकाने त्या जगात शिरण्याचं ते दार ठरलं. ‘गोलपिठा’ आज मराठी कवितेतला एक टप्पा मानला जातो.

यातला धडा सोपा आहे, पाळायला अवघड. जिथे कळत नाही तिथे आधी प्रश्न विचारावा. दोष कवितेचा आहे की आपल्या अनुभवाच्या मर्यादेचा, ते उत्तर मिळाल्यावरच ठरतं.

एकच उणीव, आणि एक पत्ता

काही वेळा मात्र कामात खरोखरच मूलभूत कमतरता असते आणि ती सांगायलाच हवी. मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधले सय्यद हैदर रझा १९४८ साली काश्मीरमध्ये होते. तिथे त्यांची गाठ फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी पडली. रझांची चित्रं पाहून त्यांनी सांगितलं की हात चांगला आहे, पण चित्रांत रचनेची बांधणी नाही. सेझानची चित्रं नीट अभ्यासावीत. रझांनी ते मनावर घेतलं. १९५० साली ते पॅरिसला गेले, सेझान डोळ्यांनी पाहिला, आणि त्यांच्या चित्रांची जडणघडणच बदलली. ही आठवण ते आयुष्यभर सांगत राहिले.

कार्तिए-ब्रेसाँ यांनी दहा दोष काढले नाहीत. सर्वांत मोठा होता तो एकच सांगितला, आणि तो दूर करण्यासाठी कुठे पाहावं हेही सांगितलं. कडक अभिप्राय असा असला की तो जिव्हारी न लागता कामाला लागतो.

प्रत्यक्षात कसं बोलावं

अमेरिकी नृत्यरचनाकार लिझ लर्मन यांनी १९९० साली अभिप्रायाची चार पायऱ्यांची एक पद्धत बांधली. आज ती जगभरच्या नृत्य-नाट्य संस्थांत वापरली जाते. पहिल्या पायरीवर पाहणाऱ्याने फक्त काय लक्षात राहिलं, काय भिडलं ते सांगायचं. दुसऱ्या पायरीवर कलावंताने आपले प्रश्न विचारायचे. तिसऱ्या पायरीवर पाहणाऱ्याने प्रश्न विचारायचे, पण त्यात मत मिसळायचं नाही. ‘हा प्रवेश एवढा लांब का?’ या प्रश्नात तो लांबल्याची तक्रार आहे. ‘या प्रवेशात प्रेक्षकाला काय कळावं असं तुला वाटतं?’ हा खरा प्रश्न. चौथ्या पायरीवर मत द्यायचं, तेही ‘शेवटाबद्दल माझं एक मत आहे, सांगू का?’ असं विचारून.

एक उदाहरण घेऊ. समजा लालबागमधल्या एका तरुणाने १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपावर, आजोबांच्या आठवणीने कविता लिहिली आहे. तिच्या पहिल्या ओळींत भोंगा काळाच्या उदरात विरतो आणि आठवणींची राख उरते. तिसऱ्या ओळीत संप फिसकटून वर्षं उलटली तरी आजोबा सकाळी डबा भरायला सांगतात.

‘छान आहे’ म्हटलं तर तो तरुण दुसरी कविताही काळाच्या उदरापासूनच सुरू करील. ‘सुरुवात घिसीपिटी आहे’ म्हटलं तर तो वही मिटेल. मित्राने असं म्हणून पाहावं: ‘पहिल्या दोन ओळींत मला काही दिसलं नाही. डबा आला आणि आजोबा समोर उभे राहिले. तो डबा भरायचं कोण? आणि भरल्यावर त्याचं काय व्हायचं?’ तरुणाला आठवतं की आजी खरंच रोज डबा भरायची, आणि आजोबा तो घेऊन गिरणीच्या बंद दरवाजासमोर जाऊन बसायचे. ही गोष्ट कवितेत आलीच नव्हती. कविता जिथे आहे तिथे बोट ठेवलं गेलं. पुढचं कवी पाहील.

इथे मित्राने एक मोह टाळायचा असतो. ‘त्यापेक्षा अशी ओळ टाक’ म्हणून स्वतःची ओळ देऊ नये. ती ओळ चांगली असली तरी कवितेत पाहुणी राहते, आणि लिहिणाऱ्याला वाटू लागतं की आपल्याला जमत नाही. अरविंद देशपांड्यांनी स्वगताची गरज सांगितली, स्वगत लिहून दिलं नाही.

वेळेचंही भान हवं. संहितेचा पहिला खर्डा असेल तेव्हा कथानकाबद्दल बोलावं, शुद्धलेखनाबद्दल नाही. रंगीत तालमीच्या रात्री मात्र ‘दुसरा अंकच नको होता’ असं सांगून काही साधत नाही. तेव्हा आवाज, प्रकाश, एन्ट्री एवढंच बोलावं. आणि उणं सांगायचं असेल ते चारचौघांत सांगू नये. चहाच्या टपरीवर अख्ख्या ग्रुपसमोर ऐकलेलं खरंही टोचतं आणि मग माणूस त्यातलं काही घेत नाही.

दाखवणाऱ्याचीही एक बाजू आहे. ‘कसं वाटलं?’ असा मोघम प्रश्न टाकला की मोघमच उत्तर येतं. ‘आई पत्र का लपवते ते तुला कधी कळलं?’ असं विचारलं की मित्रालाही नेमकं सांगता येतं. तो सांगत असताना आपण समर्थन करत बसू नये. रंगमंचावर प्रत्येक प्रेक्षकाच्या कानाशी जाऊन ‘मला असं म्हणायचं होतं’ हे सांगता येणार नसतं. सगळं ऐकून घ्यावं, लिहून घ्यावं, आणि दोन दिवसांनी काय घ्यायचं, काय सोडायचं ते स्वतः ठरवावं. तो अधिकार लिहिणाऱ्याचाच.

दादरच्या छबिलदास शाळेत ‘आविष्कार’ने १९७०च्या दशकात एक सभागृह वापरायला घेतलं, तिथे नट आणि प्रेक्षक यांच्यात अंतरच उरलं नाही, आणि नवं नाटक करून पाहणाऱ्यांची एक पिढी तिथे उभी राहिली. अशा जागा आज कमी होत चालल्या आहेत. तालमीचे हॉल परवडत नाहीत, चाळी पडून टॉवर झाले, मंडळी विरार-बदलापूरला पांगली. पण लिहिणारे, नाटक बसवणारे, गाणी रचणारे कमी झालेले नाहीत. त्यांना बक्षिसाच्या आधी एक लक्ष देऊन पाहणारा माणूस लागतो. तुमच्या ओळखीत असा कुणी असेल आणि त्याने वही पुढे केली, तर एक संध्याकाळ काढा. पूर्ण वाचा, कुठे जीव गुंतला आणि कुठे सुटला ते पानापानावर टिपा, आणि ते तुम्ही त्याला भेटून सांगा. इतकं प्रत्येकाला जमण्यासारखं आहे, आणि मराठीतलं कितीतरी चांगलं काम अशाच माणसांच्या भरवशावर उभं राहिलं आहे.